बेळगावकडं राहून जुन्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह करता येतो का?

तुम्ही खानापूरचे आहात, महायुद्धांतली रिव्हॉल्वरं-पिस्तुलं जमवायची आवड आहे आणि सुरुवात कशी करावी असं विचारलंय. माझं म्हणणं स्पष्ट आहे. अभ्यास आजच सुरू करा, हत्यार विकत घ्यायची घाई मात्र करू नका.

शंभर वर्षं झाली की वस्तू अँटिक, मग परवाना कशाला, असा समज आपल्याकडं सर्रास आहे. तो चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट देतं खरं, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही अशा अवस्थेत असलं तरच. शिवाय .४५५ आणि .३८० ची काडतुसं ज्यांत बसतात ती रिव्हॉल्वरं आणि लष्करी ९ मिलिमीटरची पिस्तुलं निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात, मोडतात. म्हणजे वेब्ली आणि एनफिल्ड ही ब्रिटिश रिव्हॉल्वरं, लुगर हे जर्मन पिस्तूल, ही ज्यांच्यापायी माणसाला हा नाद लागतो, नेमकी तीच साध्या परवान्यावर मिळत नाहीत. "जुनंच आहे, कोण विचारतंय" म्हणून कुणी विकायला आणलं तर त्याच्याशी बोलणंसुद्धा वाढवू नका. घरात आजोबांच्या परवान्यावरचं काही निघालं, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूकवाल्याकडं जमा करावं लागतं. जाताना जुने कागद आणि ओळखीचा वकील बरोबर असू द्या.

तसं आपल्या भागात घरात रिव्हॉल्वर निघणं विरळाच. पलटणीतल्या शिपायाच्या हातात रायफल असायची, रिव्हॉल्वर मुख्यतः अधिकाऱ्यांच्या कमरेला. त्यातही ब्रिटिश अधिकारी ते बऱ्याचदा स्वतःच्या पैशानं घेत, फक्त त्यात सरकारी काडतूस चाललं पाहिजे ही अट. आणि त्याही आधी, १८५७ च्या निःशस्त्रीकरण कायद्यानं गावोगावची हत्यारं काढून घेतली गेली. मुधोळ तालुक्यातल्या हलगली गावच्या बेड समाजातल्या लोकांनी ती द्यायला नकार दिला, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात गावावर फौज चालून आली. जुनी हत्यारं बघताना ही हलगली मला नेहमी आठवते, कारण आपल्याकडं काय उरलं नाही हे तिच्यावरूनच कळतं.

आता बघायचं कसं ते सांगतो. सुरुवात वेब्लीपासून करा. तिचं मार्क सहा हे रूप मे १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यानं स्वीकारलं. त्याच वर्षी १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये कूतच्या शरणागतीपर्यंत त्यांनी तिथं सोसलं. वेब्लीची खुबी तिच्या मोडण्यात आहे. खटका दाबला की नळी पुढं खाली झुकते आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. चिखलात, अंधारात, थरथरत्या हातांनी पुन्हा भरता यावी यासाठी केलेली ही रचना आहे, आणि ती मला आजही थोर वाटते. वजन मात्र सुमारे १,१०० ग्रॅम. इतकं जड आणि जोरदार हत्यार नवख्याला झेपेना, म्हणून पुढं .३८ ची एनफिल्ड नंबर दोन आली. ती पाऊण किलोच्या आसपास. १९३८ पासून तिच्या घोड्याचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या भागाचं, मागचं टोकच काढून टाकलं. ते टोक आहे की नाही, एवढ्यावरून तुम्हाला काचेपलीकडून काळाचा अंदाज बांधता येईल.

मग शिक्के वाचायला शिका. रुंद बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी माल. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर भारतीय लष्कराचा. त्याहून जुन्या, गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या पिस्तुलांवर कंपनी सरकारचा सिंह दिसतो. १८०८ च्या सुमारापूर्वी सिंहाऐवजी बदामाच्या आकाराची व्यापारी खूण असे. हाच सिंह ठोकलेली नवी शोभेची पिस्तुलं बाजारात ढिगानं आहेत. अक्षरं बोथट, पितळ भडक, लाकूड रंग लावून काळं केलेलं, आणि नळीला बत्तीचं, म्हणजे ठिणगी आत दारूपर्यंत जायचं, छिद्रच नाही, असं दिसलं की समजावं. आणखी एक: जुन्या धातूला घासून चकचकीत करणं म्हणजे त्याचा इतिहास पुसणं. शंभर वर्षांचा तो करडा थर आणि पुसट शिक्के यांतच त्याचं मोल असतं.

संग्रहाला हात घालायचाच असेल तर हत्याराभोवतीच्या वस्तू घ्या. चामड्याची होल्स्टरं, रिव्हॉल्वर अडकवायची गळ्यातली दोरी, पट्टे, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, फोटो, आणि सगळ्यात आधी पदकं. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि तो शिपाई बऱ्याचदा आपल्याच गावांतला निघतो. अशी पदकं मोडीत जाताना बघून जीव तुटतो. मोड घेणाऱ्या सराफांना आधीच सांगून ठेवा.

बघण्यासाठी बेळगावच्या कॅम्पात मराठा सेंटरचं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं, संग्रहालय आहे. लष्करी हद्द असल्यामुळं परवानगीची आधी चौकशी करा. कोल्हापूरला न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती संग्रहालय आहे, तिथं हत्यारांची दालनं सावकाश बघा. जाताना वही न्या आणि नळी, घोडा, मूठ, दोरीची कडी यांची चित्रं स्वतः काढा, कितीही वाकडी आली तरी. फोटोत जे सुटतं ते चित्र काढताना डोळ्यांत भरतं.