कार्ड आहे, मग गोळ्यांचे पैसे खिशातून का?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. गोळ्या, डॉक्टरची फी, तपासण्या धरून महिन्याला चारेक हजार जातात. केशरी रेशनकार्ड आहे, महात्मा फुले योजनेचं कार्डपण काढलंय, तरी मेडिकलवाला म्हणतो इथे चालत नाही. मग उपयोग काय त्याचा?
- एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: मेडिकलवाल्याचं बरोबर आहे. ही योजना अॅडमिट होणाऱ्या पेशंटसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तेही यादीतल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्याच उपचारांना. रोजची गोळी त्यात नाही. गंमत बघा, शुगर सांभाळली नाही आणि उद्या किडनी गेली तर डायलिसिस बसतं, पण ती वेळ येऊ नये म्हणून घ्यायची गोळी बसत नाही! ऑपरेशन म्हटलं की पाहुणे मदतीला धावतात, पण दर महिन्याचे चार हजार म्हणजे वर्षाचे ४८ हजार कोण कुणाला देतंय, त्यामुळे माणसं गुपचूप एक दिवसाआड गोळी घ्यायला लागतात. वडील असं करत नाहीत ना, ते आधी बघा.

आता खर्च कमी कसा करायचा. डॉक्टरांना सरळ सांगा की गोळ्या कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने लिहून द्या, आणि मग जनऔषधी केंद्रात चौकशी करा, शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अॅम्लोडिपिन अशा गोळ्या तिथे बऱ्याच स्वस्त मिळतात. दोन औषधं एकत्र असलेली गोळी चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. दुसरं म्हणजे सरकारी दवाखाना. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्याही मिळतात. स्टॉक संपलाय हे ऐकावं लागतं कधीकधी, म्हणून घरात आठ-दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच चक्कर मारायची.

वडील ७० चे झाले की आयुष्मान भारत योजनेतलं ज्येष्ठांचं वय वंदना कार्ड निघेल, पण तेही अॅडमिट झाल्यावरच कामाचं.

आणि तुम्ही इन्कम टॅक्स भरत असाल, जुन्या करपद्धतीने (ओल्ड रिजीम), तर वडिलांच्या नावाने मेडिक्लेमचा हप्ता जात नसेल अशा वेळी ८०डी खाली त्यांच्या औषधपाण्याचा वर्षाला ५० हजारांपर्यंतचा खर्च वजावटीत दाखवता येतो. रोख दिलेलं मात्र धरत नाहीत, तेव्हा मेडिकलमध्ये यूपीआयने पैसे द्या आणि बिल मागून घ्या.