डायलिसिस केंद्र बदलले, गोळ्याही बदलल्या

प्रश्न : माझ्या वडिलांचे डायलिसिस आधी आमच्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोनदा होत असे, आता ते पुण्यात तीनदा होते. जुन्या केंद्रात फॉस्फरससाठी कॅल्शियमची गोळी होती, नव्या डॉक्टरांनी ती बंद करून सेव्हेलामर सुरू केले आणि पीटीएच ही तपासणी प्रथमच सांगितली. मग आधीचे उपचार चुकीचे होते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ गोळी बदलली म्हणून आधीचे उपचार चुकीचे ठरत नाहीत. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर फॉस्फरस रक्तात साचतो, ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे तयार होत नाही आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडू लागतात; परिणामी हाडे कमकुवत होतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते. हे बदल कोणत्या मर्यादेत रोखावेत, यावर तज्ज्ञांचेही पूर्ण एकमत नाही. २००३ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत डायलिसिसच्या रुग्णांसाठी पीटीएचचे उद्दिष्ट दर मिलिलिटर रक्तद्रवात १५० ते ३०० पिकोग्रॅम होते. २००९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ते निरोगी कमाल पातळीच्या दोन ते नऊ पट, म्हणजे साधारण १३० ते ६०० असे आहे. एवढी सैल चौकट असल्यावर एकाच अहवालावर दोन डॉक्टर वेगळा निर्णय घेणारच.

कॅल्शियमची गोळी स्वस्त असते आणि जेवणासोबत घेतल्यास अन्नातील फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवते, म्हणून लहान केंद्रांत ती सर्रास दिली जाते. मात्र तिच्यातील काही कॅल्शियम शरीरात शोषले जाते. २०१७ च्या सुधारित मार्गदर्शिकेने तिची मात्रा मर्यादित ठेवण्यास सुचवले, ते याचसाठी. सेव्हेलामरही असाच फॉस्फरस बांधून ठेवते; त्यात कॅल्शियम नसते, पण ते महाग पडते. ज्या रुग्णाचे कॅल्शियम वाढलेले आहे किंवा पीटीएच फार खाली गेले आहे, त्याच्यासाठी हा खर्च समर्थनीय ठरतो. आपल्या वडिलांचे अहवाल आपण पाठवलेले नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी यापुढे बोलणे योग्य होणार नाही.

गोळीपेक्षा मला इतर दोन फरक गंभीर वाटतात. पहिला डायलिसिसच्या संख्येचा. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, आणि साधारण तितकाच आपण रोज खातो. त्यातील सगळा शोषला जात नाही हे मान्य केले, तरी आठवड्यातून दोन वेळा केलेल्या डायलिसिसने हा हिशेब जुळत नाही. तीन वेळा करूनही बाइंडरची, म्हणजे फॉस्फरस बांधणाऱ्या गोळीची गरज बहुधा उरतेच. दुसरा फरक तपासणीचा. कॅल्शियम व फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी पाहावे, अशी शिफारस आहे. पीटीएच कधीच न पाहता ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय औषध किंवा कॅल्शियम देत राहणे ही उणीवच म्हणावी लागेल, मग केंद्र लहान असो वा मोठे.

जुने सर्व अहवाल नव्या डॉक्टरांना दाखवावेत आणि पीटीएच शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावे, कारण तपासणीच्या पद्धतीनुसार आकडे बदलतात. द्रावणातील, म्हणजे डायलायझेटमधील कॅल्शियमचे प्रमाण दोन्ही केंद्रांत किती आहे, हेही विचारावे. त्याकडे नातेवाइकांचे लक्ष सहसा जात नाही. सेव्हेलामर जेवणासोबतच द्यावे; उपाशीपोटी घेतल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही. आहारात डाळी सरसकट बंद करू नयेत, कारण त्यांतील फॉस्फरस अंशतःच शोषला जातो. प्रक्रिया केलेले चीज, कोला पेये आणि पाकीटबंद मांसाचे पदार्थ मात्र टाळावेत, कारण त्यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषले जाते.