कोरी वही

प्रश्न : वय ४४. चित्रं काढायला शिकायचं म्हणून ६ वर्षांपूर्वी वही-पेन्सिली आणल्या. वही अजून कोरी. रोज रात्री ‘उद्यापासून नक्की’ म्हणते. ताई, मी आळशी आहे का?

उत्तर : आळशी माणूस ६ वर्षं स्वतःला टोचत बसत नाही हो! तुम्हाला भीती वाटतेय, पहिलं चित्र वाईट निघेल याची. (निघणारच. माझं ऐका.) काम पुढे ढकललं की ती भीती तेवढ्यापुरती शमते, म्हणून तर ही सवय सुटत नाही.

मी पोहायला शिकणं असंच टाळलं. पोहण्याचा चष्मा कपाटात, वेष्टनही न फोडलेला. शेवटी गेले, तर पहिल्या दिवशी नुसते पाय पाण्यात सोडून बसले. शेजारून पोरं धडाधड उड्या मारत होती. लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशीही गेले.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांवर संशोधन केलंय. तेव्हा ‘उद्यापासून’ सोडा. ‘रात्री भांडी आवरली की १० मिनिटं समोरचा कप काढीन’, एवढंच ठरवा. आणि वहीचं पहिलं पान आजच गिरगटून टाका, मुद्दाम. क्लासचं मग बघू.