सूट मागायला आलेली आई

प्रिय मुली,

तुझ्या घरगुती डे-केअरचं लायसन्स हातात आलं, वाचून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस, "मावशी, कोणी लसीतून एक्झम्प्शन, म्हणजे सूट, मागितली तर काय सांगू?" इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला वीस वर्षं मुलं सांभाळली, त्यातून सांगते. आधी चहा ठेव आणि कार्ड माग.

एक आई दारातच म्हणाली होती, "आम्हाला एक्झम्प्शन हवंय." मी मनातल्या मनात वादाला पदर खोचला. निघालं काय, तर लसीचं कार्ड नाशिकला तिच्या आईच्या कपाटात राहिलेलं, आणि हिला वाटत होतं की कार्ड नाही म्हणजे लेकीला सगळ्या सुया पुन्हा टोचणार. रात्री आजीने व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवले, प्रश्न मिटला. माझ्याकडे सूट मागायला आलेल्या बहुतेकांची गोष्ट अशीच निघाली.

म्हणून कार्ड वाचायला शीक. आपल्याकडच्या सरकारी केंद्रात नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस, देतात. कॅलिफोर्नियात गोवराचा डोस पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतरचा लागतो, त्यामुळे तो मोजायचा नाही. शिवाय एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते. इथे तिन्हींची एमएमआर हवी. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाहीच, इथे सक्तीची. पोलिओचे थेंब १ एप्रिल २०१६ नंतरचे असतील तर तेही धरत नाहीत. हे ऐकून आयांचा चेहरा पडतो. "अगं, सगळं तर दिलंय!" त्यांचंही खरंच असतं. तेव्हा 'अपुरं' हा शब्द तोंडातून काढू नकोस, 'इथल्या हिशोबात दोन राहिलेत' म्हण.

आणि तारखा! जूनअखेरचा जन्म असलेला एक मुलगा होता. कार्डावर एमएमआरपुढे ०९/०४. इतकी वर्षं इथे राहून महिना आधी वाचायची सवय, मी तो ४ सप्टेंबर वाचला, मूल चौदा महिन्यांचं, झालं काम. प्रत्यक्षात तो ९ एप्रिल होता, म्हणजे नवव्या महिन्याचाच डोस. इथल्या डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत ते पोर माझ्याकडे चार महिने, सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाशेजारी झोपत होतं. तेव्हापासून महिना अक्षरांत लिहून घेते.

आता खरी सूट. पूर्वी पालकांनी 'आमच्या मतात बसत नाही' असं लिहून दिलं की भागायचं. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून गोवर पसरला, त्यानंतर पुढच्या वर्षी एसबी २७७ कायदा झाला आणि २०१६ पासून मताची, धर्माची सूट बंद झाली. उरली ती वैद्यकीय. तीही २०२१ पासून कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेल्या डॉक्टरने सरकारी ऑनलाइन यंत्रणेतूनच द्यायची. पुण्याच्या फॅमिली डॉक्टरचं लेटरहेड, अगदी शिक्क्यासकट आलं, तरी नम्रपणे परत कर. तात्पुरती सूट एका वेळी फार तर वर्षभराची असते, संपायची तारीख कॅलेंडरवर टाक. आणि एखाद्या डॉक्टरने एका वर्षात पाच किंवा जास्त वेळा सूट दिली, की राज्याचं आरोग्य खातं ती तपासू शकतं. त्यामुळे 'अमक्याकडे जा, तो देतो' हा सल्ला तुझ्या ओट्यावरून कुणाला मिळू देऊ नकोस.

डोस सुरू आहेत, पुढच्याची वेळ अजून आलेली नाही, अशा मुलाला सशर्त प्रवेश देता येतो. ती सूट नव्हे. मात्र पुढची तारीख पाळली जाते का, हे बघणं तुझ्याकडे लागतं. आया विसरतात गं, दोन नोकऱ्या आणि एक पोर.

क्वचित एखादे पालक खरंच ठाम असतात. वाद घालू नकोस. मी घातलेत, एकही जिंकले नाही. तुझ्या खोलीत वर्षाच्या आतली बाळं आहेत, त्यांना अजून एमएमआर मिळालेली नाही, आणि गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, एवढं सांग आणि 'जागा देता येणार नाही' म्हण. खरी वैद्यकीय सूट असलेल्या पालकांना मात्र पहिल्याच दिवशी बजाव: गोवराची लागण आसपास आली तर त्यांच्या मुलाला २१ दिवसांपर्यंत घरी ठेवावं लागू शकतं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

तुझी स्वतःची गोवराची आणि डांग्या खोकल्याची नोंद काढलीस का? तुझ्या मदतनीस बाईंचीही लागेल. फ्लूची लस दरवर्षी, नको असेल तर तसं लेखी ठेव.

शनिवारी पहिल्या सहा मुलांची कार्डं घेऊन ये. लसनोंदीचे निळे फॉर्म दोघी मिळून भरू. दुपारी थालीपीठ लावते.

तुझी,
मावशी