योग करूनही छाती का धडधडते?

"मॅडम, दहा वर्षं योग करतेय. तरी ढग गडगडले की हात थरथरतात. मग उपयोग काय त्याचा?" माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

डोंगर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोन वर्षांपूर्वी उघड्या माथ्यावर काळ्या ढगांची कडा उन्हात चमकताना बघत रेंगाळल्या आणि हाकेच्या अंतरावर वीज पडली. इजा कुणालाच नाही. पण डोंगर सुटला. झोप ठीक होती, वाईट स्वप्नं नव्हती; असती तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. सलत होतं ते वेगळंच: भीती वाटते म्हणजे आपली साधना खोटी.

पहिल्या भेटीत मीच चुकले. "दीर्घ श्वास घ्या" म्हणून मोकळी झाले. त्यांनी भराभर मोठे श्वास ओढले आणि त्यांना गरगरायला लागलं. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यात भर पडली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात. पुढच्या वेळी श्वास साधाच ठेवला, नाकाने, घेताना चार अंक, सोडताना सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून तोच लांबवायचा.

मग वृक्षासन, म्हणजे एका पायावर तोल सांभाळत उभं राहणं. घोटा सारखा हलतो म्हणून त्या वैतागल्या. म्हटलं, "हलतोय म्हणूनच उभ्या आहात. ताठ धरून बघा." धरला, आणि लगेच दुसरा पाय टेकवावा लागला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पण माथ्यावर थरथरलेले हात बरोबरच होते की! तिथे प्राणायाम करत बसणं हा शुद्ध वेडेपणा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जायचं, झाडाखाली नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं. घरात, दारं-खिडक्या बंद असताना हात थरथरले, तर चार-सहाचा श्वास. अंक दोन्हीकडे, माथ्यावर विजेचे आणि घरात श्वासाचे, मोजायचेच, हे त्यांना फार आवडलं.

काही महिन्यांनी मेसेज आला: "दुपारी ढग जमायला लागले. अर्ध्या वाटेवरून परत फिरले. हात थरथरत होतेच. उतरताना रानफुलं बघितली."