वाचकांचे प्रश्न : जुलाबात साधं पाणी का पुरत नाही?

प्रश्न : मुलाला जुलाब लागले की डॉक्टर ओआरएसचं पाकीट देतात. अंगातलं पाणीच कमी झालंय, तर साधं पाणी का चालत नाही? चवीमुळे मुलगा तोंड फिरवतो, म्हणून वरून साखर घातली तर बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. कसं ते पाहू.

पेशीचं पटल स्निग्ध पदार्थांचं असतं. मीठ आणि साखर त्यातून आपणहून पार होत नाहीत. पाणी होतं, पण ते जातं विरघळलेले पदार्थ जिकडे जास्त असतील तिकडे. शाळेतलं परासरण ते हेच. म्हणजे आतड्यातून पाणी अंगात घ्यायचं तर आधी क्षार आत जायला हवेत.

लहान आतड्याच्या पेशींवर, अन्नाच्या बाजूला, एक वाहक प्रथिन असतं. ते सोडिअमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनंच आत नेतं. रक्ताच्या बाजूचा पंप ऊर्जा खर्चून तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडिअम कमीच राहतं आणि अन्नाच्या बाजूनं ते येत राहतं. मागोमाग पाणी. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, विषानं क्लोराइडची वाट उघडी पडून पाणी आतड्यात वाहत असतं, तेव्हाही हा वाहक शाबूत असतो. सगळी किमया इथेच आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजून रुग्ण वाचवले.

आजच्या पाकिटाचं प्रमाण लिटरला असं : ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशिअम क्लोराइड १.५, ट्रायसोडिअम सायट्रेट २.९. हे द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ असतं. साखर वाढवलीत की ते रक्तापेक्षा दाट होतं आणि पाणी उलटं, अंगातून आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात. बाटलीतल्या गोड पेयांचं तेच. त्यांत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि सोडिअम जेमतेम.

एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवणं ही नेहमीची चूक. द्रावण पाचपट दाट होतं, आणि जास्तीचं मीठ लहान बाळाला घातक ठरू शकतं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरलाही नको, कारण पुडीतले क्षार सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा पाच मिलीचा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा. यानं जुलाब लगेच थांबत नाहीत. भरून निघतं ते पाणी. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली, तर घरी थांबू नका.

प्रश्न : कोशिंबिरीला पाणी का सुटतं?

उत्तर : परासरणच. मीठ बाहेर, म्हणून काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर. मीठ वाढताना घाला. नाहीतर चोचवलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या. ते पाणी थालीपिठाच्या पिठात जिरवता येतं, फक्त तिथलं मीठ बेतानं.