लेबलवर आयपीए, पण बाटलीत नक्की काय?

प्रश्न: क्राफ्ट बिअर प्यायला नुकतीच सुरुवात केलीय. दोन वेगळ्या ब्रुअरीजच्या बाटल्या घेतल्या, दोन्हीवर आयपीए लिहिलेलं, पण एक कडूजहर आणि दुसरी संत्र्याच्या ज्यूससारखी गढूळ, कडवटपणा नावालाच. मग या नावाला अर्थ काय? आणि मित्र म्हणतो स्टाउट म्हणजे स्ट्राँगच, खरंय का?

उत्तर: तुम्ही गोंधळलात यात तुमची काही चूक नाही, कारण ही नावं एका नियमाने पडलेलीच नाहीत. पिल्सनर हे गावावरून, चेकमधल्या पिल्झेनमध्ये १८४२ साली योसेफ ग्रोलने पहिल्यांदा बनवली म्हणून. लागर म्हणजे जर्मनमध्ये साठवण, थंडीत बरेच आठवडे मुरवतात ना, ते. मेर्झेन तर चक्क मार्च महिना. कोल्श हे नाव युरोपियन युनियनमध्ये कलोन आणि आसपासच्या ब्रुअरीजनाच लावता येतं, अमेरिकेत मात्र कुणीही लावतं.

आता आयपीए. इंडिया पेल एल. एल म्हणजे लागरसारखी थंडीत नाही, तर जरा उबेत आंबवलेली बिअर. लंडनच्या बो ब्रुअरीचा हॉजसन १८व्या शतकाच्या अखेरीपासून भारतात पेल एल पाठवायचा आणि प्रवासात टिकावी म्हणून खास हिचा शोध लावला ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती तितकी खरी नाही, कारण पोर्टर नावाची काळी इंग्लिश बिअरसुद्धा त्याच जहाजांतून यायची आणि लोक ती पीत होते. गरम हवेच्या देशांसाठी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा, वास देणारी आणि ती टिकवणारी फुलं, जास्त घालायचे हे ब्रुअर्सना आधीच माहीत होतं. तर मूळ अर्थ एवढाच, फिक्या माल्टची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली), भरपूर हॉप्सची एल. पुढे अमेरिकन ब्रुअर्सनी तिला लिंबूवर्गीय वासाचे हॉप्स दिले, मग अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याकडून हेझी, म्हणजे गढूळ आयपीए आली, त्यात ओट्स किंवा गहू असतो आणि हॉप्स बरेचसे उकळणं संपल्यावर पडतात म्हणून वास भरपूर पण कडवटपणा कमी. तुमची दुसरी बाटली बहुतेक हीच. मला स्वतःला हेझी आवडते, पण ब्रुअरीने लेबलवर समोरच हेझी लिहायला पाहिजे, नुसतं आयपीए लिहिणं ग्राहकावर अन्याय आहे. आणि ब्लॅक आयपीए हे नाव मला अजिबात पटत नाही, पेल म्हणजे फिकी, मग काळी आणि फिकी एकाच वेळी कशी?

मित्राचं म्हणणं अडीचशे वर्षांपूर्वी बरोबर होतं. स्टाउट पोर्टर म्हणजे जास्त कडक पोर्टर. आज तो शब्द भाजलेल्या, कॉफीसारख्या चवीच्या काळ्या बिअरला चिकटलाय, अल्कोहोल किती ते त्यातून कळत नाही. गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्केच असते, कितीतरी सोनेरी लागर तिच्यापेक्षा कडक असतात. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, बस. इम्पिरियल लिहिलं असेल तर मात्र जपून, लंडनहून रशियाच्या दरबारासाठी जाणाऱ्या स्टाउटवरून तो शब्द आलाय आणि आता तो सरळ जास्त अल्कोहोलचीच खूण झालाय.

आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप, त्याच्या आकड्यावरही फार विसंबू नका, माल्टचा गोडवा जास्त असला की ५० आयबीयूची बिअरसुद्धा मऊ लागते. त्यापेक्षा बाटली फिरवून हॉप्सची नावं बघा. सिट्रा, मोझॅक दिसलं तर फळांचा वास येणार, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग असेल तर मातकट, जुन्या इंग्लिश वळणाची निघेल.